तीन कार्ब्युरेटर, चौदा पूर्णांक सहा

बुधवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तीन कार्ब्युरेटर होते आणि बशी ठेवायला जागा नव्हती.

"यातला एक तरी उचल," बायको दोन्ही हातांत बशा घेऊन म्हणाली.

"क्रम बिघडेल."

"कसला क्रम?"

"डावीकडून उजवीकडे, लहान ते मोठा. प्रत्येकाखाली कागद आहे बघ. अ, ब, क."

बायकोने पाहिलं. कागद होते. कागदांखाली तिचा नवा टेबलक्लॉथ होता आणि त्यावर पेट्रोलचे तीन डाग पडले होते, तेही लहान ते मोठा. ती खिडकीपाशी गेली आणि उभ्याउभ्याच खाऊ लागली. ती दातांची डॉक्टर होती. नऊ वाजता तिचा पहिला रुग्ण खुर्चीत बसायचा, आणि दुसऱ्याचे दात काढायच्या आधी नवऱ्यावर आपले खायचे नाहीत, असा तिचा नियम होता.

नवरा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता. नळाच्या पाण्यात काय किती आहे हे तो दशांशचिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत सांगायचा, आणि ही सवय घरी आल्यावरही सुटायची नाही. लग्नानंतर सासरी पहिल्यांदा चहा पुढे आला, तेव्हा साखर किती विचारल्यावर तो "साडेतीन ग्रॅम" म्हणाला होता. तेव्हापासून सासरच्या माणसांत त्याचं नाव दशांश.

"रविवारला चार दिवस राहिले," दशांश म्हणाला. "खरं तर चार पूर्णांक एक."

"माहितीये मला."



खाली अंगणात उभी असलेली दोन दारांची, सहा सिलिंडरची जुनी गाडी मुळात तिच्या वडिलांची. तिच्यावरच ती गाडी शिकली, तिच्यातूनच कॉलेजला गेली, आणि दवाखाना थाटताना रुग्णांच्या खुर्चीचे सुटे भाग तिच्याच मागच्या सीटवरून आणले. लग्नानंतर गाडी तिच्याबरोबर आली, पण कागद वडिलांच्याच नावावर राहिले. वडिलांनी तीस वर्षं वाहन परवान्याच्या परीक्षा घेतल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या मुलीला दोनदा नापास केलं होतं, तिसऱ्यांदा पास केलं तेही "बरी" असा शेरा मारून. अशा माणसाकडून कागदावर सही घेणं सोपं नव्हतं.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला होता. "जावईबापू, पुढच्या रविवारी दहाला येतो. आधी चढावर थांबून निघायचं, इंचभरही मागे यायचं नाही. मग कालव्याच्या सरळ रस्त्यावर शून्य ते शंभर. माझ्या पायाखाली ही गाडी बारा सेकंदांत जायची. तुमच्याकडे गेली तर कागद तुमच्या नावावर. नाही तर थोरल्या जावयांच्या."

थोरले जावई, म्हणजे दशांशचे साडू, फर्निचरचे व्यापारी. त्यांना ती गाडी चालवायची नव्हतीच. दुकानासमोर चौथरा बांधून त्यावर ती ठेवायची, पिवळी रंगवायची आणि टपावर एक सोफा बांधायचा, असा त्यांचा बेत होता. सोफ्याचा रंगही ठरला होता.

"मी त्या रस्त्याने रोज जाते," बायको म्हणाली होती. "रोज माझ्या गाडीवर सोफा बघायचा?"

दोन वर्षांपूर्वी दशांशने गाडीचा वेग पहिल्यांदा मोजला, तेव्हा शून्य ते शंभर व्हायला एकोणीस पूर्णांक आठ सेकंद लागले. त्याने निष्कर्ष काढला, इंजिन थकलंय. मग त्याने गल्लीच्या टोकाच्या गॅरेजातल्या उस्तादाच्या मदतीने इंजिन उघडलं. नवे पिस्टन आले, नवी कॅमशाफ्ट आली, धूर बाहेर टाकायच्या नळ्या रुंद झाल्या. उस्तादाने इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून दुसरं टोक कानाला टेकवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "साहेब, आता हे रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन नाही राहिलं. शर्यतीचं आहे."

शर्यतीच्या इंजिनाने वेळ दिली चौदा पूर्णांक सहा.

"श्वास कमी पडतोय त्याला," उस्ताद म्हणाला. "कार्ब्युरेटर बदला."

म्हणून इंजिनाला पेट्रोल मिसळलेली हवा पुरवणारी ही तीन धूडं टेबलावर आली होती. 'अ' गाडीचा मूळचा, दोन नळ्यांचा. 'ब' चार नळ्यांचा; त्याच्या मागच्या दोन नळ्या इंजिनाची ओढ वाढली की आपोआप उघडायच्या. 'क' सुद्धा चार नळ्यांचा, पण अंगाने दांडगा, आणि त्याच्या मागच्या नळ्या इंजिनाला न विचारता थेट पायाच्या हुकमावर उघडायच्या. 'ब' आणि 'क' उस्तादाचे होते, रविवारपर्यंत वापरायला दिलेले.

दशांशने गणित केलं होतं. चार लिटरचं इंजिन, मिनिटाला साडेपाच हजार फेरे, दर दोन फेऱ्यांमागे एकदा पोटभर हवा, त्यातली पंधरा टक्के वाटेत गळणार. "मिनिटाला नऊ हजार तीनशे पन्नास लिटर," तो बायकोला म्हणाला. "'ब' अकरा हजार देतो. 'क' सतरा हजार. म्हणजे 'क' उगाच मोठा. उत्तर 'ब' आहे."

"मग 'ब' बसव आणि टेबल मोकळं कर."

"मोजल्याशिवाय?"

बायकोने बशी सिंकमध्ये ठेवली. ती ठेवताना जरा जास्तच आवाज झाला.

बुधवारी संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यावर 'अ'ची चाचणी झाली. बायको चालवत होती, कारण दशांशला एकाच वेळी घड्याळ, वेगाचा काटा आणि वही सांभाळायची होती.

"चौदा पूर्णांक सहा," तो म्हणाला. "पाय पूर्ण दाबला होतास ना?"

"पूर्ण."

"अगदी पूर्ण?"

"अरे, टेकला पाय! आता काय गाडीखालून बाहेर काढू?"

गुरुवारी 'ब' बसला. बसवल्यावर दशांशने त्याच्या सगळ्या झडपा उघडतात की नाही हे बॉनेटखाली वाकून, स्वतःच्या हाताने पेडलची तार ओढून पाहिलं. बायकोच्या दवाखान्यातला दाताचा छोटा आरसा आत घालून तळही पाहिला. झडपा साफ उघडत होत्या. त्याने वहीत बरोबरची खूण केली. मग दोघं कालव्यावर गेली.

चौदा पूर्णांक सहा.

शुक्रवारी 'क'. तार ओढली, आरसा घातला, खूण केली.

चौदा पूर्णांक सहा.

तीन वेगवेगळ्या कार्ब्युरेटरांनी तंतोतंत एकच आकडा दिला, तर साध्या माणसाच्या मनात संशय येतो. दशांशच्या मनात समाधान आलं. प्रयोगशाळेत तोच तोच आकडा येणं म्हणजे हात स्थिर असल्याची खूण. त्याने वहीत लिहिलं, 'मोजमापाची अचूकता उत्तम.' हे लिहून झाल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं की अचूकता उत्तम असली तरी गाडी जाणार ती चौथऱ्यावरच.

त्या दिवशी त्याने पाण्याच्या एका अहवालात क्षारांच्या रकान्यात 14.6 लिहिलं, गढूळपणाच्या रकान्यात 14.6 लिहिलं आणि तारखेच्या जागीही 14.6 लिहिलं. वरिष्ठांनी बोलावून घेतलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"श्वास कमी पडतोय," दशांश म्हणाला.

वरिष्ठांनी त्याला शनिवारची रजा दिली.

शनिवारी त्याने गाडी हलकी करायला घेतली. मागची सीट काढली. स्टेपनी, जॅक, रेडिओ, मागच्या काचेजवळची छत्री काढली. बायकोच्या बाजूचा आरसा सोडून हाताला लागेल ते काढलं. पायपुसणी काढली. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट तेवढं राहिलं. ते सासऱ्यांनी स्वतः चिकटवलेलं होतं, आणि लग्नाच्या दिवशी किल्ली देताना त्यांनी बजावलं होतं, "ड्रायव्हरच्या पायाखाली काही सरकता कामा नये. या कार्पेटला हात लावायचा नाही." दशांशने हात लावला नाही. त्याचं वजन तो नऊशे ग्रॅम धरत होता आणि तेवढं तो सोसायला तयार होता.

"पर्स ठेव," तो बायकोला म्हणाला.

"पर्स?"

"एक पूर्णांक चार किलो आहे. मी मोजली."

"माझी पर्स तू मोजलीस?" बायकोने पर्स त्याच्या हातात दिली. "आता मलाही मोज म्हणजे झालं."

दशांशने तोंड उघडलं आणि मिटलं. आठवडाभरात त्याने घेतलेला हा एकमेव चांगला निर्णय.

चौदा पूर्णांक पाच.

गॅरेजात दशांश उलट्या डब्यावर डोकं धरून बसला. "उस्ताद, रात्रीपर्यंत ठरवायचंय. अ, ब की क?"

"तिघं सारखेच येतायत?"

"तंतोतंत."

"मग 'क' आहे तो राहू द्या की. चढलेलाच आहे. दिसायला तरी रुबाबदार."

"दिसायला रुबाबदार हे कारण होऊ शकत नाही."

"साहेब," उस्ताद हात पुसत म्हणाला, "तुमचे साडू सकाळी येऊन गेले. चौथऱ्याला किती विटा लागतील विचारत होते."

'क' राहिला.

रविवारी सासरे दहाला पाच मिनिटं कमी असताना आले आणि दहा वाजेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहिले. हातात फळी, फळीला चिमटा, चिमट्यात परीक्षेचा छापील कागद, कानावर पेन्सिल. साडू त्यांच्या आधीच आले होते. ते मोजपट्टी घेऊन गाडीची लांबी घेत होते.

"दशांशराव, हे टोक धरा जरा," साडू म्हणाले. "मापात तुमचा हात कोण धरणार!"

दशांशने टोक धरलं. 

"चालवणार ही," सासरे मुलीकडे बोट दाखवून म्हणाले. "गाडी हिच्या हातात वाढलीय."

"वाढलीय कुठे, बाबा," साडू हसले. "आमच्या कासवाला काल पाव पोचवणाऱ्या टेम्पोने मागे टाकलं. मी पाहिलं."

कासव हे बायकोचं माहेरचं नाव. सोळा वर्षांपासूनचं. तिने साडूंकडे असं पाहिलं की त्यांच्या एखाद्या दाढेत कळ आली असावी.

सासरे पुढे बसले. मागे सीटच नव्हती, त्यामुळे दशांश घोंगडीची घडी करून उघड्या पत्र्यावर मांडी घालून बसला. साडू आपल्या गाडीतून मागे निघाले.

चढावर गाडी थांबली आणि निघाली. इंचभरही मागे आली नाही. सासऱ्यांनी कागदावर खूण केली. दशांशने श्वास सोडला आणि पुन्हा धरला, कारण कालव्याचा रस्ता आला होता.

"जा," सासरे म्हणाले.

बायकोने पाय दाबला. इंजिन गुरगुरलं, काटा चढला. सभ्यपणे, सावकाश, रांगेत उभा असल्यासारखा चढला.

"चौदा सहा," सासरे घड्याळ बघत म्हणाले.

"चौदा पूर्णांक पाच आठ," मागून दशांश म्हणाला. म्हटल्यावर त्याला वाटलं, आपण गप्प बसायला हवं होतं.

गाडी कडेला थांबली. सासऱ्यांनी कानावरची पेन्सिल काढली. तीस वर्षांत हजारो माणसांनी त्या पेन्सिलीकडे ज्या नजरेने पाहिलं असेल, त्या नजरेने मागून दशांशने पाहिलं.

"पाय पूर्ण दाबला होतास?" त्यांनी मुलीला विचारलं.

"बाबा, सोळा वर्षं तुम्ही हेच विचारताय. हा पण हेच विचारतोय. पाय टेकतो माझा! खाली काही उरतच नाही दाबायला!" तिचा आवाज चिरकला. "उतरते मी. तुम्हीच बसा. तुम्हीच दाबून दाखवा, आणि मग द्या गाडी त्यांना सोफा बांधायला!"

ती खरंच उतरली. सासरेही उतरले, वळसा घालून आले आणि स्टिअरिंगमागे बसले. परवान्याच्या परीक्षेसाठी मुलगी गाडी शिकायला लागली, त्याच महिन्यात त्यांना कचेरीची गाडी मिळाली होती. त्यानंतर या सीटवर ते बसलेच नव्हते. बसायचे ते नेहमी शेजारी, फळी घेऊन. त्यांनी इंजिन बंद ठेवून पाय दाबला. मग सोडला. पुन्हा दाबला. मग वाकून पायाखाली पाहिलं.

"जावईबापू."

"हो, बाबा?"

"हे कार्पेट कधी काढलं होतंत?"

"नाही बाबा. हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना."

"कोणी?"

"तुम्ही."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर वळताना दिवा दाखवायला विसरलेल्या उमेदवाराचा भाव आला. ते बाहेर आले, रस्त्यावर गुडघे टेकले आणि कार्पेटचं टोक धरून ओढलं. सोळा वर्षांचा डिंक कुरकुरत सुटला.

खाली, पेडलच्या बरोबर मागे, दोन गंजक्या स्क्रूंनी घट्ट बसवलेला एक लाकडी ठोकळा होता. साबणाच्या वडीएवढा.

 मागून आलेले साडू मोजपट्टी हातात धरून उभे राहिले.

"हे काय आहे, बाबा?" बायकोने विचारलं.

"तू शिकत होतीस," सासरे गुडघ्यांवरूनच म्हणाले. "पाय जड होता तुझा. पहिल्याच दिवशी कुंपणात घातली होतीस. म्हटलं, अर्ध्याच्या पुढे दाबताच येऊ नये. परवाना मिळाला की काढायचा होता."

"परवाना मिळून सोळा वर्षं झाली."

"हो. ते... राहून गेलं."

बायकोने वाकून पाहिलं. तिने दशांशकडे हात पुढे केला. "टॉर्च. स्क्रूड्रायव्हर. पक्कड." दशांशने एकेक वस्तू तिच्या तळहातावर ठेवली. ती पालथी झाली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "मुळं खोल आहेत. हलू नका कोणी." दोन मिनिटांत ठोकळा तिच्या हातात होता. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने, सासऱ्यांच्याच नेटक्या अक्षरात, लिहिलं होतं: 'परवान्यानंतर काढणे.'

दशांशचं डोकं मात्र भलतीकडेच धावत होतं. झडप अर्धीच उघडत होती, म्हणजे मागच्या नळ्यांची पाळी कधी आलीच नव्हती. अ, ब, क, तिघंही दोन-दोन नळ्यांवरच चालले होते. त्याने तार ओढली ती हाताने. पायाने कधी ओढून पाहिलीच नाही. एकोणीस पूर्णांक आठ हा इंजिनाचा थकवा नव्हता. नवे पिस्टन, कॅमशाफ्ट, दोन वर्षांचे सगळे रविवार त्याने एका लाकडाच्या तुकड्याशी झुंजण्यात घातले होते.

आणि मग त्याला आठवलं की आत्ता बॉनेटखाली 'क' आहे. सतरा हजार लिटरचा. पायाच्या हुकमावर उघडणारा.

"थांब," तो म्हणाला. "आधी 'ब' बसवू. हा गणितापेक्षा—"

"बस आत," बायको म्हणाली. "बाबा, तुम्हीही."

तिने पाय दाबला. सोळा वर्षं दाबत आली होती तसाच, टेकेपर्यंत. फक्त टेकायची जागा आता बरीच खाली होती.

गाडी क्षणभर अडखळली, घोटभर जास्त प्यायल्यासारखी. मग मागच्या नळ्या उघडल्या. दशांश घोंगडीसकट पत्र्यावरून मागे घसरत गेला आणि डिकीच्या आडव्या पत्र्यावर पाठ आपटून थांबला. घड्याळ हातातून उडालं. पुढे सासऱ्यांच्या फळीवरचा कागद चिमटा सोडून त्यांच्या अर्ध्या तोंडावर बसला, आणि कागदामागून, तीस वर्षांत कोणी ऐकला नसेल असा आवाज आला, "ब्रेक! ब्रेक!"

गाडी थांबली तेव्हा कालव्याकाठचे बगळे पलीकडच्या शेतात जाऊन बसले होते.

"किती?" बायकोने विचारलं. तिचे गाल लाल झाले होते.

"मला... मोजता आलं नाही," डिकीच्या बाजूने दशांशचा आवाज आला. हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता.

सासऱ्यांनी चेहऱ्यावरचा कागद काढला, घड्याळाकडे पाहिलं, घसा साफ केला. "अकरा. पण मी ते एकशे अठराला थांबवलं."

त्यांनी कागद फळीवर सरळ केला आणि लिहायला घेतलं.  'गाडी: पास. चालक: या रस्त्यावर मर्यादा शंभर, वेग एकशे अठरा. नापास.'

"बाबा!"

"नियम आहे." मग त्यांची पेन्सिल शेऱ्याच्या रकान्यावर थांबली.  शेवटी त्यांनी लिहिलं, 'सोळा वर्षांची दिरंगाई परीक्षकाची. चालक मुळात चांगली,' आणि खाली सही केली. गाडीच्या कागदांवरही तिथेच, बॉनेटवर ठेवून, सही केली. नाव जावयाचं घातलं नाही, मुलीचं घातलं.

 बायकोने शेरा दोनदा वाचला.

तोवर आपल्या गाडीतून येऊन पोचलेल्या साडूंनी मोजपट्टी सोडली. ती सळसळत आत गेली. "दशांशराव," ते हळूच म्हणाले, "परत जाताना मी तुमच्या पुढे राहू की मागे?"

संध्याकाळी जेवणाचं टेबल मोकळं होतं. दशांशने 'ब' उस्तादाला परत करायच्या आधी एकदा विचारून पाहिलं होतं. गणिताने 'ब' बरोबर बसतो, पेट्रोल कमी पितो, गुण्यागोविंदाने चालतो. बायको म्हणाली, "कागद कोणाच्या नावावर आहेत?" तेव्हा 'ब' परत गेला आणि 'क'चे पैसे उस्तादाला पोचले.

आता टेबलावर फक्त ठोकळा होता. दशांशने आजूबाजूला पाहिलं, पट्टी काढली आणि मोजला. जाडी बेचाळीस मिलिमीटर. पाठ अजून दुखत होती. त्याने वही उघडली आणि अगदी बारीक अक्षरात लिहिलं, 'पंधरा मिलिमीटरचा पुरेल का?'

सोमवारी सकाळी वही तिथेच होती. ठोकळा तिच्यावर कागददाबासारखा ठेवला होता आणि त्या ओळीखाली बायकोचं अक्षर होतं:

'कार्पेट मी नव्याने चिकटवलंय. त्याला हात लावायचा नाही.'